ऑइल सील गाडीच्या नावाने नव्हे, मापाने मागावे

पद्मिनी, अ‍ॅम्बॅसेडर किंवा त्याहूनही जुनी एखादी डॉज आजही हौसेने बाळगणाऱ्या मुंबईकराला गिअरबॉक्समधून तेल गळणे नवे नाही. पूर्वी अशा वेळी मिस्त्री जवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून ‘फियाटचे मागचे सील’ मागवून घेई आणि काम मार्गी लागे. आता तसे सहज होत नाही. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडणे २००० च्या सुमारास थांबले, बंगालमधील उत्तरपारा येथे अ‍ॅम्बॅसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये बंद झाले, आणि ज्यांच्या जोरावर पद्मिनीचे सुटे भाग गल्लोगल्ली मिळत होते त्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीही २० वर्षांची वयोमर्यादा संपल्याने २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेल्या. ताडदेव आरटीओत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती.

त्यामुळे ‘या गाडीचे सील आता मिळत नाही’ हे वाक्य दुकानात वारंवार ऐकू येते आणि मालक हवालदिल होतो. ते वाक्य अर्धेच खरे आहे. गाडीचे नाव छापलेल्या खोक्यातले सील मिळत नसेल, पण त्या मापाचे सील बहुतेक वेळा मिळते, कारण ऑइल सील ही मुळात गाडीची वस्तूच नाही. पाण्याचा पंप, लेथ, कपडे धुण्याचे यंत्र, स्कूटर, कारखान्यातला गिअरबॉक्स, जिथे जिथे तेल किंवा पाणी अडवून दांडा फिरवायचा असतो तिथे तिथे ते असते, आणि त्याची मापे बऱ्याच अंशी प्रमाणित असतात. आपल्या गाडीच्या निर्मात्यानेही अनेकदा सील उत्पादकाच्या यादीतलेच एखादे माप उचललेले असते.

सील काम कसे करते

ऑइल सील म्हणजे लोखंडी पत्र्याच्या कडीवर चिकटवलेले रबर. या रबराच्या आतल्या कडेला धारदार ओठ असतो, त्याला मिस्त्रीलोक ‘लिप’ म्हणतात. लिप शाफ्टवर, म्हणजे फिरणाऱ्या दांड्यावर, टेकलेली राहावी म्हणून तिच्या पाठीवर बारीक गोल स्प्रिंग बसवलेली असते. शाफ्ट फिरू लागला की लिप आणि शाफ्ट यांच्यामध्ये तेलाचा अतिशय पातळ थर तयार होतो. त्या थरावरच लिप तरंगते आणि म्हणून ती जळत नाही. लिपच्या दोन बाजूंचे उतार सारखे नसतात. तेलाकडचा उतार उभा असतो, हवेकडचा निजलेला असतो, आणि या फरकामुळे बाहेर निघू पाहणारे तेल फिरत्या लिपखालून परत आत ढकलले जाते. चांगले सील अशा रीतीने बूच आणि छोटा पंप अशी दोन्ही कामे करते. लिपची धार बोथट झाली, रबर कडक झाले किंवा शाफ्टवर ओरखडा पडला की हे परत ढकलणे बंद पडते, मग स्प्रिंग कितीही घट्ट असली तरी तेल गळतेच.

आधी दोष सीलचाच आहे ना, हे पाहावे

नवे सील शोधण्याची धावपळ करण्यापूर्वी गळती नेमकी कुठून आहे ते ठरवणे आवश्यक आहे, आणि याच टप्प्यावर सर्वाधिक पैसा वाया जातो असे माझे मत आहे. गाडी चालताना वारा तेल मागे फेकतो, त्यामुळे ओले झालेले सगळे दिसते पण उगम लपतो. गिअरबॉक्स खालून रॉकेलने स्वच्छ धुऊन पूर्ण कोरडा करावा, त्यावर टाल्कम पावडर भुरभुरावी, गाडी थोडी फिरवून आणावी आणि मग बॅटरीच्या उजेडात पाहावे. सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा ओला ठिपका हाच बहुधा उगम असतो.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या जोडापाशी, म्हणजे बेल हाऊसिंगच्या तळाशी थेंब दिसला तर तो इंजिनच्या मागच्या सीलचा असू शकतो, गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलचा असू शकतो, आणि क्लच हायड्रॉलिक असेल तर तो दाबणाऱ्या छोट्या सिलिंडरचा, म्हणजे स्लेव्ह सिलिंडरचाही असू शकतो. वापरलेले इंजिन ऑइल काळे असते. गिअर ऑइल दाट असते आणि त्यातील गंधकाच्या संयुगांमुळे त्याला एक उग्र, न विसरता येणारा वास असतो. स्लेव्ह सिलिंडरमधले ब्रेक फ्लुइड पातळ असते आणि रंग उचकटते. थेंब तांबूस असेल आणि गाडी ऑटोमॅटिक असेल, जसे की जुन्या अमेरिकन गाड्या किंवा काही मर्सिडीज, तर ते ट्रान्समिशनचे फ्लुइड समजावे. या तिन्ही-चारही ठिकाणांची सीले वेगळी असतात, हे सांगायला नको.

दुसरा संशयित ब्रीदर. गिअरबॉक्स तापला की आतली हवा प्रसरण पावते आणि तिला बाहेर पडायला एक छोटे भोक किंवा टोपीवजा झडप ठेवलेली असते. तिच्यात वर्षानुवर्षांचा चिखल आणि ग्रीस साचून ती बुजली की आतला दाब वाढतो आणि तो तेलाला सीलमधून बाहेर रेटतो. अशा गाडीत कितीही नवी सीले घातली तरी गळती परत येते. ब्रीदर सोडून तारेने साफ करणे हे काही मिनिटांचे काम आहे, पण अनेकांना तो कुठे आहे हेच माहीत नसते. तेल गरजेपेक्षा जास्त भरले असले तरी असाच त्रास होतो. पातळी फिलर प्लगच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंतच असावी, हा बहुतेक जुन्या मॅन्युअल गिअरबॉक्सचा नियम आहे.

मुंबईत याला पावसाची जोड मिळते. तापलेला गिअरबॉक्स हिंदमातासारख्या ठिकाणी साचलेल्या पाण्यात उतरला की एकदम थंड होतो, आतली हवा आकुंचन पावते आणि ब्रीदरमधून किंवा झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. तेल दुधाळ दिसू लागले तर असे घडले आहे हे निश्चित. आणि ज्या गाड्या पावसाळाभर ताडपत्रीखाली उभ्या असतात त्यांचे हाल निराळे: लिप कोरडी पडते, एकाच जागी दबून चपटते आणि दमट हवेमुळे तिच्या कडेला शाफ्टवर गंजाची बारीक रेघ उमटते. गणपतीत गाडी बाहेर काढली की तीच रेघ लिपला कानशीसारखी घासते.

तिसरी तपासणी हाताची. गाडी घोडीवर घेऊन गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाचा योक, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) जोडण्याचा तुकडा, धरून वर-खाली हलवावा. जाणवण्याइतका खेळ असेल तर आतला बुश किंवा बेअरिंग गेले आहे. शाफ्ट मध्यापासून साधारण दोन दशांश मिलिमीटरपेक्षा जास्त भरकटू लागला की लिप त्याच्या मागे वेगाने धावू शकत नाही. तिथे सीलचा दोष नसतो, म्हणून सील बदलूनही उपयोग होत नाही.

माप घेणे

सीलची ओळख तीन आकड्यांनी होते: शाफ्टचा व्यास, ज्या खोबणीत सील बसते तिचा व्यास आणि सीलची जाडी. ३५-५२-७ असे लिहिलेले असेल तर शाफ्ट ३५ मिलिमीटर, खोबण ५२ आणि जाडी ७. हे माप येथे केवळ उदाहरणादाखल घेतले आहे, आपल्या गाडीचे ते असेलच असे नाही.

जुने सील काढल्यावर आधी ते रॉकेलने धुऊन त्याच्या बाहेरच्या तोंडावर पांढरा खडू घासावा. रबरात उठवलेली अक्षरे असतील तर ती उमटून येतात आणि माप, प्रकार, कधी कधी उत्पादकाचा क्रमांकही वाचता येतो. ते पुसले गेले असेल तर व्हर्नियर हे मोजमापाचे साधन घ्यावे लागते, आणि इथे एक फसवणूक असते. जुन्या सीलचे माप घेऊ नये. शाफ्टचे आणि खोबणीचे घ्यावे. सीलची लिप मोकळी असताना शाफ्टपेक्षा मिलिमीटर-दीड मिलिमीटर लहान असते, म्हणून तिच्यावरून शाफ्टचा व्यास काढला तर तो चुकतो. बाहेरची बाजूही खोबणीत घट्ट बसावी म्हणून दोन-तीन दशांश मिलिमीटर मोठी केलेली असते; ५२ च्या सीलवर व्हर्नियर ५२.२५ दाखवतो आणि माणूस गोंधळतो. शाफ्टही लिप जिथे घासते तिथे न मोजता शेजारच्या न झिजलेल्या भागावर मोजावा.

आता प्रश्न इंच आणि मिलिमीटरचा, आणि जुन्या गाड्यांच्या बाबतीत तो सर्वांत महत्त्वाचा. गाडीचे मूळ कुळ कोणते, यावर तो सुटतो. पद्मिनी म्हणजे मुळात इटलीची फियाट ११००, म्हणून तिथे मिलिमीटर. अ‍ॅम्बॅसेडर म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री, म्हणून तिच्या जुन्या गिअरबॉक्समध्ये इंच. पण इसुझूचे १८०० सीसीचे इंजिन असलेल्या नंतरच्या अ‍ॅम्बॅसेडरचा गिअरबॉक्सही जपानी घराण्यातला, तिथे पुन्हा मिलिमीटर. कुर्ल्याला १९४७ पासून जोडल्या गेलेल्या डॉज आणि प्लायमाऊथ किंवा शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ पासून जोडलेल्या शेवरले या अमेरिकन, म्हणजे इंच. गाडी मुंबईत जोडली गेली म्हणून तिचे माप बदलत नाही.

फरक किती पडतो ते पाहण्यासारखे आहे. १ पूर्णांक ३/८ इंचाचा शाफ्ट ३४.९२५ मिलिमीटर भरतो. त्यावर ३५ चे सील चढवले तर लिपला ७५ हजारांश मिलिमीटरचा फरक पडतो, जो ती सहज सामावून घेते. पण बाहेरची खोबण २ इंचांची असेल तर ती ५०.८० मिलिमीटर होते. तिच्यात ५० चे सील सैल पडते आणि ५२ चे आत जात नाही. म्हणजे आतल्या बाजूला चालून जाणारी तडजोड बाहेरच्या बाजूला चालत नाही, आणि ‘जवळपास तेच आहे, ठोकून बसवतो’ असे म्हणणाऱ्या मिस्त्रीला तिथेच थांबवावे. ठोकून बसवलेल्या सीलची कडी वाकते, लिप लंबगोल होते आणि गळती पहिल्यापेक्षा वाढते. जाडीच्या बाबतीत मात्र सवलत आहे: खोली पुरेशी असेल आणि मागे कुठे अडत नसेल तर १० च्या जागी ७ जाडीचे सील बिनदिक्कत चालते.

अक्षरे, रबर आणि दिशा

मापानंतर दोन अक्षरे येतात. बाजारात सर्रास चालणारी पद्धत अशी की ‘सी’ म्हणजे बाहेरून रबराचे आवरण, ‘बी’ म्हणजे बाहेरून उघडा धातू. त्याआधी ‘एस’ असेल तर स्प्रिंगसह एक लिप, ‘टी’ असेल तर स्प्रिंगसह मुख्य लिप आणि धूळ अडवणारी आणखी एक छोटी लिप. म्हणून ‘टीसी’ म्हणजे रबराच्या आवरणाचे, धूळलिप असलेले सील. गिअरबॉक्सचे मागचे टोक रस्त्याच्या धुळीला आणि पाण्याला उघडे असते, तिथे टीसीच घ्यावे. गिअरबॉक्सचा बाहेरचा साचा अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर रबरी बाहेरची बाजू अधिक बरी, कारण अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरते आणि धातूच्या कडीची पकड तेवढी ढिली होते; रबर ती फट भरून काढते.

रबराचा प्रकार हा किमतीचा मुद्दा असल्याने दुकानदार तो आपणहून सांगत नाही, विचारावा लागतो. साधे काळे सील नायट्राइलचे असते आणि ते सुमारे १०० अंश सेल्सिअसपर्यंत ठीक चालते. त्यापुढे पॉलिअ‍ॅक्रिलेट सुमारे १५० पर्यंत आणि व्हायटन सुमारे २०० पर्यंत. वेगाचे गणित केले तर ३५ मिलिमीटरचा शाफ्ट मिनिटाला ४००० फेरे घेत असताना लिपखालून सेकंदाला सुमारे ७.३ मीटर पृष्ठभाग जातो, आणि हे नायट्राइलच्या आवाक्यात आहे. म्हणजे वेगाची चिंता नाही. नायट्राइलचा खरा शत्रू उष्णता आणि गिअर ऑइलमधली गंधकयुक्त रसायने यांची जोडी. त्यांनी ते जुन्या कुकरच्या रिंगसारखे कडक होऊन तडकते. गिअरबॉक्स उतरवण्याचीच मजुरी सीलच्या किमतीच्या कितीतरी पट असते, म्हणून पुढच्या सीलसाठी व्हायटन मिळत असेल तर मी त्यात काटकसर करणार नाही. मागचे सील मात्र प्रोपेलर शाफ्ट उतरवून बदलता येते, तिथे चांगले नायट्राइल पुरते. एक सावधगिरी: ब्रेकच्या कामाचे ईपीडीएम रबर दिसायला अगदी तसेच काळे असते, पण खनिज तेलात ते फुगून लिबलिबीत होते. ब्रेकच्या डब्यातली रिंग माप जुळते म्हणून गिअरबॉक्समध्ये कधीही घालू नये.

काही सीलांच्या लिपवर तिरक्या बारीक रेघा असतात. त्या तेल आत ढकलायला मदत करतात, पण एकाच दिशेने. म्हणूनच अशा सीलवर बाण असतो. सील नेहमी हवेच्या बाजूने पाहायचे. पुढचे सील इंजिनच्या बाजूने पाहिले आणि शाफ्ट घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरताना दिसला, तर तोच फिरणारा शाफ्ट मागच्या सीलकडून पाहिला असता उलटा फिरताना दिसतो. पुढचे बाणवाले सील मापाला बसते म्हणून मागे घातले तर ते तेल बाहेर उपसते. शिवाय मागचा शाफ्ट रिव्हर्समध्ये उलट फिरतोच, तेव्हा मागे बिनबाणाचे किंवा दोन्ही दिशांचे सीलच योग्य.

मुंबईत कुठे विचारावे

ऑपेरा हाऊसजवळच्या मामा परमानंद मार्गावरच्या मोटारींच्या सुट्या भागांच्या बाजारात गाडीच्या नावाने विचारता येते आणि जुन्या जाणत्या दुकानदाराकडे अजूनही फियाटचे किंवा अ‍ॅम्बॅसेडरचे खोके निघते. कुर्ल्याच्या भंगार बाजारात किंवा चोरबाजारात कव्हर, योक, फ्लँज असे लोखंडी भाग जरूर शोधावेत. भंगारातले सील मात्र घेऊ नये. पण खरा आधार मस्जिद बंदरजवळची नागदेवी स्ट्रीट. तिथले बेअरिंग आणि ऑइल सीलचे व्यापारी कारखान्यांना माल पुरवतात. त्यांच्या गल्ल्यापाशी उभे राहून ‘फियाटच्या गिअरबॉक्सचे सील आहे का’ विचारले तर मान हलते. ‘पस्तीस-बावन्न-सात, टीसी, व्हायटनमध्ये’ म्हटले की मागच्या फळीवरचा डबा खाली येतो. इंचाच्या मापाचे सील हवे असेल तर इंचातच सांगावे, कारण ते वेगळ्या यादीत असते. जुने सील सोबत न्यावे, पण शाफ्टचे आणि खोबणीचे माप कागदावर लिहूनच.

जुन्या साठ्यातले, मूळ खोक्यातले सील पाहून हरखून जाऊ नये. रबर न वापरताही म्हातारे होते. रबराच्या साठवणीविषयीच्या आयएसओ २२३० या मानकात नायट्राइलसाठी ७ वर्षे आणि व्हायटनसाठी १० वर्षे हा पहिला टप्पा धरला आहे, तपासणीनंतर तो वाढवता येतो. टॅक्सींच्या भरभराटीच्या काळातले सील आज त्याच्या कितीतरी पुढे गेलेले असणार. लिप नखाने वाकवून सोडावी. ती झटकन पूर्ववत झाली नाही, किंवा वाकवताना तळाशी केसासारख्या भेगा दिसल्या, किंवा स्प्रिंगला गंज असला, तर खोके शोभेला ठेवावे आणि सील नवे घ्यावे.

शाफ्टवर चर पडला असेल तर

बोटाचे नख शाफ्टवरून फिरवताना अडकले तर तिथे चर आहे. यावर तीन उपाय आहेत. खोबण खोल असेल तर नवे सील मिलिमीटर-दोन मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवून लिप ताज्या पृष्ठभागावर आणावी. कमी जाडीच्या सीलचा उपयोग इथे होतो. तसे जमत नसेल तर पातळ पोलादी बाही मिळते, स्पीडी स्लीव्ह नावाने ती ओळखली जाते, तिची भिंत ०.२८ मिलिमीटर इतकी पातळ असते आणि ती शाफ्टवर ढकलल्यावर सीलचे माप बदलावे लागत नाही. तिसरा उपाय टर्नरकडे शाफ्ट भरून ग्राइंड करून घेणे, आणि तिथे सूचना स्पष्ट द्यावी: लेथवर पॉलिश पेपर आडवा सरकवत फिरवला तर शाफ्टवर स्क्रूच्या आट्यांसारखी अदृश्य रेघ राहते आणि ती तेल बाहेर वाहून नेते.

काही जुन्या ब्रिटिश गिअरबॉक्समध्ये पुढच्या बाजूला सीलच नसते. शाफ्टवर किंवा कव्हरमध्ये मुद्दाम आटे कापलेले असतात आणि फिरताना ते तेल परत नेतात. अशा गाडीत थोडा ओलावा हा तिचा स्वभाव मानावा, किंवा कव्हर लेथवर बोअर करून त्यात आजच्या मापाचे सील बसवून घ्यावे. युद्धपूर्व गाड्यांत चामड्याची किंवा नमद्याची कडी आढळते. तिथेही खोली पुरत असेल तर रबरी सील चालते. इंचाचे माप कुठेच मिळाले नाही तर खोबण पुढच्या प्रमाणित मिलिमीटर मापापर्यंत वाढवता येते, मात्र भिंत किती जाड उरते ते आधी मोजावे, कारण कापलेली धातू परत येत नाही.

बसवताना स्प्रिंगची बाजू तेलाकडे असावी. दोन लिपांच्या मध्ये ग्रीस भरावे, मुख्य लिपला तेल लावावे, आणि शाफ्टच्या स्प्लाइनवर, म्हणजे टोकाकडच्या लांब खाचांवर, पातळ प्लॅस्टिक गुंडाळून मगच सील सरकवावे, कारण स्प्लाइनच्या धारेने लिप कापली जाणे ही वर्कशॉपमधली नेहमीची दुर्घटना आहे. ठोकण्यासाठी स्क्रूड्रायव्हर न वापरता बाहेरच्या कडेइतक्या व्यासाची नळी किंवा जुन्या बेअरिंगची रिंग घ्यावी. काम उघडलेच आहे तर स्पीडोमीटर केबलच्या जोडाचे छोटे सील, ड्रेन प्लगचा तांब्याचा वॉशर आणि कव्हरचे कागदी पॅकिंग हेही बदलून घ्यावे. तेल भरताना जीएल-४ दर्जाचे गिअर ऑइल मागावे. जीएल-५ दर्जाच्या तेलात गंधकयुक्त रसायने अधिक असतात आणि जुन्या गिअरबॉक्सच्या पितळी सिंक्रोनायझर रिंगांना ती मानवत नाहीत. गळती थांबवण्याच्या नावाने मिळणारी बाटली रबर फुगवून थोडे दिवस वेळ मारून नेते, त्यापलीकडे तिचे काम नाही.

माप एकदा पक्के झाले की ते गाडीच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये लिहून ठेवावे आणि सील एकाऐवजी दोन घ्यावीत. दुसरे सील प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून कपाटात अंधारात आडवे ठेवावे. पंपाच्या किंवा इतर विजेच्या मोटरजवळ ठेवू नये, कारण तिथे तयार होणारा ओझोन नायट्राइलला भेगा पाडतो. आणि वर्कशॉपमध्ये सर्रास दिसते तसे खिळ्याला टांगू नये, कारण खिळ्यावर लटकलेली लिप काही महिन्यांत गोल राहत नाही.